चिखलावर उभ्या होडीचा विमा

रेगाटाच्या, म्हणजे शिडाच्या होड्यांच्या शर्यतींच्या, नोटिशीत एक ओळ होती: भाग घेणाऱ्या प्रत्येक बोटीचा थर्ड पार्टी विमा चालू असला पाहिजे आणि त्याची प्रत अर्जासोबत जोडली पाहिजे. अर्जाची मुदत तीन महिन्यांवर होती, त्यामुळे मी निर्धास्त होते. गाडीचा विमा फोनवर दहा मिनिटांत होतो, होडीला फार तर आठवडा लागेल असं धरून चालले. लागले दहा आठवडे. या काळात मी कोणाला काय विचारलं, कोणाच्या कागदात काय निघालं आणि शेवटी कुठे सही केली, ते सगळं इथे लिहितेय. ज्यांच्याकडे अशी छोटी होडी आहे किंवा जे घ्यायचं म्हणताहेत, त्यांचे निदान काही आठवडे वाचतील.

आमची होडी एंटरप्राइझ वर्गातली. लांबी तेरा फूट तीन इंच, दोन शिडं, दोघांनी चालवायची, इंजिन नाही. जॅक होल्ट या इंग्रज रचनाकाराने १९५६ साली ती आखली. एनसीसीच्या नौदल विभागातल्या कित्येक मुलामुलींनी आयुष्यातलं पहिलं सुकाणू हिचंच धरलंय, मीही त्यातलीच. १९८२ च्या दिल्ली एशियाडमधल्या शिडाच्या शर्यती मुंबईच्या समुद्रात झाल्या आणि याच वर्गात फारुख तारापोर आणि झरीर करंजिया यांनी भारताला सुवर्ण मिळवून दिलं. ही गोष्ट आमचे शिक्षक दर शिबिरात सांगायचे आणि आम्ही दर वेळी पहिल्यांदा ऐकल्यासारखी ऐकायचो. कॉलेज संपलं, नोकरी-संसार सुरू झाला आणि पाणी सुटलं. २०२२ च्या डिसेंबरात, नौदलातून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांकडून मी ही जुनी फायबरची होडी विकत घेतली.

मी नेरुळला राहते, बेलापूरला एका पतपेढीत काम करते. रविवारी लेकीला घेऊन दिवाळे कोळीवाड्यात जाते. तिथल्या एका वयस्कर तांडेलबाबांच्या अंगणाला लागून कुंपण घातलेली जागा आहे, तिथे आमची होडी हातट्रॉलीवर असते. भरती पाहून ती पाण्यात ढकलायची, पनवेल खाडीतून बाहेर पडायचं, वारा चांगला असेल तर एलिफंटाच्या दिशेने जायचं आणि पाणी उतरायच्या आत परत यायचं. वेळ चुकली तर किनाऱ्यावर नुसता चिखल, गुडघ्याच्या वर. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला भरती-ओहोटीत चार मीटरहून जास्त फरक पडतो. होडी मग पाण्यावर नसतेच, चिखलावर बसलेली असते.

मी एक वही ठेवते. कधी गेलो, वारा कुठला, काय मोडलं, काय बदललं, सगळं त्यात असतं. विम्याचं काम हाती घेतलं तेव्हा ती उघडून मोजलं. आदल्या वर्षी आम्ही एकतीस दिवस पाण्यात होतो. उरलेले तीनशे चौतीस दिवस होडी जमिनीवर. हा आकडा मी तेव्हा नुसता कुतूहल म्हणून काढला होता. पुढे सगळी तुलना त्याच्यावर येऊन उभी राहिली.

पहिला प्रयत्न ऑनलाइन केला. फॉर्ममध्ये इंजिनाचा नंबर विचारला होता आणि ती जागा रिकामी ठेवली तर फॉर्म पुढे सरकत नव्हता. मदतीच्या नंबरवर फोन केला, तर पलीकडची मुलगी अगदी मनापासून म्हणाली, “मॅडम, इंजिनच नाही तर ती चालते कशी?” मी तिला शिडाबद्दल सांगितलं, तिने शांतपणे ऐकून घेतलं, पण फॉर्म काही पुढे गेला नाही. ओळख पटवायला नोंदणी क्रमांक हवा होता, आमच्याकडे शिडावरचा वर्गाचा नंबर आणि होडीच्या अंगावर कोरलेला नंबर. खरेदीचा करार स्टँपपेपरवर केला होता, तो पुढे फार उपयोगी पडला. जुनी होडी घेणाऱ्यांनी हा कागद करूनच घ्यावा. विमा काढायला त्या वस्तूत तुमचा हितसंबंध आहे हे दाखवावं लागतं, नुसतं “होडी माझी आहे” म्हणून भागत नाही.

मग दोन वाटांनी गेले. एका ओळखीच्या एजंटमार्फत एक कोटेशन आलं, आणि फोर्टमधल्या एका मरीन ब्रोकरकडून दोन. एजंट हा कंपनीचा माणूस असतो, ब्रोकर आपल्या बाजूने कंपन्यांशी बोलतो, हा फरक मला पतपेढीतल्या नोकरीमुळे ऐकून माहीत होता. कामात तो किती पडतो ते आता कळलं. ब्रोकरबाईंनी पहिल्याच फोनवर विचारलं, “होडी राहते कुठे?” किंमत त्यांनी नंतर विचारली.

तीनही कोटेशनं तीन लाखांच्या विमा रकमेवर मागितली. ब्रोकरबाईंच्या सांगण्यावरून मी रकमेची फोड लिहून दिली: होडीचं अंग एक लाख पस्तीस हजार, डोलकाठी, बूम (शिडाच्या खालची आडवी काठी) आणि तारा पंचावन्न हजार, शिडं सत्तर हजार, ट्रॉली आणि बाकी सामान चाळीस हजार. ही फोड केली की पुढे एकेका वस्तूच्या नुकसानीवर वाद घालावा लागत नाही.

पहिली कंपनी, एजंटवाली: हप्ता ४,५०० रुपये, वर अठरा टक्के जीएसटी, एकूण ५,३१०. दुसरी: ७,५०० अधिक जीएसटी, म्हणजे ८,८५०. तिसरी: ११,४०० अधिक जीएसटी, म्हणजे १३,४५२. कागदावर पहिली डोळ्यांत भरत होती. घरी सगळ्यांचं मत तेच, “स्वस्तातली घे, कागदच तर लागतोय.” रेगाटापुरता विचार केला तर ते चूक नव्हतं.

पण कर्जाचे करारनामे वाचणं हेच माझं रोजचं काम आहे. समोर बसलेला माणूस सही करायच्या घाईत असतो आणि मी त्याला पाचव्या पानावरचं कलम वाचून दाखवते. तेच मी माझ्या कागदाचं न करणं मला जमेना. जेवणाच्या सुटीत डबा बाजूला सारून तिन्ही पॉलिसींचे मसुदे शेजारी शेजारी लावले आणि पेन्सिल घेऊन बसले.

पहिल्या मसुद्यात दुसऱ्याच पानावर सापडलं: संरक्षण होडी “तरंगत असताना”. म्हणजे माझे एकतीस दिवस. बाकीच्या तीनशे चौतीस दिवसांत कुंपणावरून पत्रा उडून होडीवर आला, कोणी डोलकाठी चोरून नेली, टेम्पोतून नेताना गतिरोधकावर आपटली, तर कंपनीचा संबंध नाही. शिवाय प्रत्येक दाव्यात पहिले पंचवीस हजार माझे. याला कोणी एक्सेस म्हणतं, कोणी डिडक्टिबल. आपल्या खिशातून जाणारी रक्कम ती हीच.

ही पंचवीस हजारांची ओळ नीट समजावी म्हणून मी वहीतली एक नोंद काढली. आदल्या वर्षी मार्चमध्ये सराव करताना आम्ही उलटलो होतो. एंटरप्राइझ उलटणं नवलाचं नाही, दोघी मिळून सेंटरबोर्डवर, म्हणजे तळातून खाली पाण्यात जाणाऱ्या फळीवर, उभ्या राहिलो की ती सरळ होते. पण त्या दिवशी ओहोटी लागली होती, खाली पाणी जेमतेम दोन-अडीच मीटर आणि डोलकाठी त्याहून कितीतरी लांब. होडी पुरती उपडी झाली आणि डोलकाठीचं टोक तळाच्या चिखलात रुतलं. वर प्रवाह होडीला ओढतोय, खाली चिखल काठीला धरून बसलाय. अ‍ॅल्युमिनियमचा तो नळा माझ्या डोळ्यांदेखत वाकला. आवाज फार झाला नाही, पाण्याखाली काहीतरी कण्हावं तसा. लेक पाण्यात माझ्याशेजारी होती, जॅकेट घालून, आणि मला म्हणाली, “आई, हिला दुखलं का गं?” ती तेव्हा चौदा वर्षांची होती. त्या प्रश्नाला मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही, पण आम्हाला किनाऱ्यावर ओढून आणणारी होडी तांडेलबाबांची होती हे चांगलं आठवतं.

त्या दुरुस्तीला १९,४०० रुपये लागले: काठीला आतून स्लीव्ह म्हणजे आधाराचा नळा, नव्या तारा, वेल्डिंग. सगळे मी भरले, कारण विमाच नव्हता. आता तोच प्रसंग तिन्ही मसुद्यांवर घालून पाहिला. पहिल्या कंपनीकडून शून्य मिळाले असते, कारण नुकसान एक्सेसच्या आतच. दुसऱ्या कंपनीचा एक्सेस दहा हजार, म्हणजे ९,४०० मिळाले असते. तिसरीचा पाच हजार, म्हणजे १४,४००. तेरा फुटी होडीचं नुकसान बहुधा असंच असतं, पंधरा-वीस-तीस हजारांचं. अशा होडीला पंचवीस हजारांचा एक्सेस लावणं म्हणजे फक्त होडी पूर्ण बुडाली तरच बोला, असं सांगणं. हप्त्यातला फरक दिसतो, एक्सेसमधला फरक दाव्याच्या दिवशी कळतो.

आणि हे सरावातलं झालं. तेच शर्यतीत झालं असतं तर? दुसऱ्या आणि तिसऱ्या कंपनीने आधार घेतला होता तो इन्स्टिट्यूट यॉट क्लॉजेसचा, १ नोव्हेंबर १९८५ च्या मसुद्याचा. लंडनच्या बाजारातली ही कलमं जगभर वापरली जातात. त्यात स्पष्ट आहे की शर्यतीत असताना शिडं, डोलकाठ्या आणि तारांचं नुकसान भरून मिळत नाही, होडी फसली, बुडाली, आग लागली किंवा धडक झाली तर गोष्ट वेगळी. ते हवं असेल तर शर्यतीच्या जोखमीचं वेगळं कलम जोडून घ्यायचं. वाऱ्याने फाटलेलं शीड, चढवलेलं असताना फाटलं तर, साध्या दिवशीही मिळत नाही. काठी मोडल्यामुळे किंवा धडकेमुळे फाटलं तरच मिळतं. शिडं, दोर आणि आच्छादनं यांच्या दाव्यातून जुनेपणापोटी एक तृतीयांशापर्यंत कापण्याचा अधिकारही कंपनीकडे असतो. एकीकडे रेगाटासाठी विमा काढतेय आणि रेगाटातच डोलकाठीला विमा नाही, हे मला वाचल्याशिवाय कधीच कळलं नसतं. तिसऱ्या कंपनीच्या ११,४०० मध्ये शर्यतीचं कलम आत होतं. दुसरीकडे ते १,८०० रुपये जादा देऊन घ्यायचं होतं.

इथपर्यंत आल्यावर माझा कल तिसऱ्या कंपनीकडे झुकला होता. त्या आठवड्यात रविवारी तांडेलबाबांच्या ओट्यावर चहा घेत मी हे सगळं त्यांना सांगत होते. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, “बाय, होरीचा इमा काढतेस, बेस. पन माझे जाल्याव चरलीस त पैसं कोन देल?”

मी गप्प झाले. थर्ड पार्टी हा शब्द मी महिनाभर दिवसातून दहा वेळा उच्चारत होते आणि माझ्या डोक्यात त्याचा अर्थ होता दुसरी यॉट, शर्यतीतली, बंदरातली, कोणा पैसेवाल्याची. ती तिसरी व्यक्ती माझ्यासमोर चहाचा कप धरून बसली होती. बाबांची डोल जाळी खाडीत खुंटांना बांधलेली असतात, प्रवाहाच्या तोंडावर. मोठ्या भरतीला काही खुंट पाण्याखाली जातात. आमच्या होडीचं सेंटरबोर्ड आणि सुकाणू खाली असतं. एक जाळं फाटलं की नुसत्या जाळ्याचे पैसे जात नाहीत, त्या भांगा-उधाणाच्या पाळीची मासळी जाते. आम्ही मजेसाठी पाण्यात जातो, ते पोटासाठी. त्यांच्या जागेत माझी होडी राहते, माझ्या लेकीला त्यांनी पाण्यातून ओढून आणलं आणि मी त्यांच्या जाळ्याचा विचारही केला नव्हता. याचं मला मनापासून वाईट वाटलं. त्या दिवसानंतर तुलनेच्या कागदावर पहिला रकाना जाळ्यांचा झाला.

तिन्ही ठिकाणी लेखी प्रश्न पाठवला: माझ्या होडीमुळे खाडीत रोवलेले खुंट, त्यांना बांधलेली मासेमारीची जाळी किंवा नांगरलेली होडी यांचं नुकसान झालं तर ते थर्ड पार्टीत बसतं का? एजंटकडून उत्तर आलं नाही. तिसऱ्या कंपनीने कळवलं की थर्ड पार्टीची मर्यादा पंचवीस लाख आहे, पण मासेमारीच्या साधनांबद्दल वेगळं काही लिहून देता येणार नाही. दुसऱ्या कंपनीने आधी उलट विचारलं की ती जाळी तुमच्या मालकीची आहेत का. हा प्रश्न रास्त होता. यॉट क्लॉजेसमध्ये विमेदाराचं स्वतःचं मासेमारीचं साहित्य वगळलेलं असतं, आणि त्या वगळणुकीत दुसऱ्याचं जाळंही ढकललं जाऊ नये म्हणूनच मला ते लिहून हवं होतं. ब्रोकरबाईंनी त्यांच्या भाषेत समजावलं, स्थिर आणि तरंगत्या वस्तू असा एक ठरलेला प्रकार आहे, धक्का, तरंगता बोया, खांब वगैरे, त्यातच खुंट आणि जाळी नावाने घालून मागू. दुसरी कंपनी तयार झाली. थर्ड पार्टीची मर्यादा दहा लाखांवरून पंचवीस लाख करायला ९०० रुपये जादा.

तिसऱ्या कंपनीचा मोह तरीही सुटत नव्हता, एक्सेस कमी म्हणून. त्यांचा मसुदा पुन्हा वाचला तेव्हा विमा रकमेचं कलम नीट कळलं. दुसऱ्या कंपनीत तीन लाख ही दोघांनी मान्य केलेली किंमत होती: होडी पूर्ण गेली तर तीन लाख, घासाघीस नाही. १९६३ च्या मरीन इन्शुरन्स कायद्यात अशा मूल्य ठरवलेल्या पॉलिसीची सोय आहे. तिसऱ्या कंपनीत मात्र किंमत ठरणार होती नुकसानीच्या दिवशी, बाजारभावाने. कंपनीच्या वतीने तपासणी करणारा सर्व्हेयर म्हणाला, जुनी होडी आहे, पावणेदोन लाखांची, तर मिळणार पावणेदोन. उलट समजा मी हप्ता वाचवायला दोन लाखांवरच विमा काढला आणि नुकसानीच्या दिवशी होडी तीन लाखांची ठरली, तर मी एक तृतीयांश होडीची स्वतःच विमा कंपनी ठरते: साठ हजारांच्या नुकसानीला चाळीस हजार, त्यातून पाच हजार एक्सेस, हातात पस्तीस. दोन्ही बाजूंनी कमीच. जुन्या होडीला बाजार असा नाहीच, वर्षाकाठी दोन-चार हातबदल होत असतील. ज्या वस्तूला बाजार नाही तिचा बाजारभाव कोणीतरी टेबलावर बसून ठरवणार, हे मला पटलं नाही. तिसरी कंपनी तिथे सुटली.

दुसऱ्या कंपनीशीही सगळं सरळ झालं असं नाही. पावसाळ्याचा मुद्दा राहिला होता. १ जून ते ३० सप्टेंबर होडी पाण्याबाहेर, बांधून ठेवलेली असेल, अशी हमी त्यांच्या मसुद्यात होती. या काळाची सवलत धरूनच हप्ता काढतात. मी म्हटलं, सुरुवात १० मेपासून धरा. ब्रोकरबाईंना आश्चर्य वाटलं, कारण लोक पाण्यातले दिवस वाढवून मागतात. पण तौक्ते चक्रीवादळ मुंबईजवळून गेलं ते १७ मे २०२१ ला. निसर्ग चक्रीवादळ अलिबागजवळ धडकलं ३ जून २०२० ला. तेव्हा माझ्याकडे होडी नव्हती, पण तौक्तेच्या रात्री आमच्या इमारतीची खिडकी बिजागरीसकट हलत होती ते मी विसरलेले नाही. मेच्या मध्यावर अरबी समुद्राचा भरवसा धरायचा नाही, हे मी आणि लेकीने आधीच ठरवलं होतं. आमच्या वागण्याशी कागद जुळावा एवढंच मागणं होतं.

हे जुळणं महत्त्वाचं आहे. सागरी विम्यात हमी म्हणजे नुसती सूचना नसते. ती मोडली की मोडल्या तारखेपासून कंपनी जबाबदारीतून मोकळी होऊ शकते, पुढच्या नुकसानीचा त्या मोडण्याशी संबंध असो वा नसो. जूनमधल्या एका सुंदर उघडीपीच्या दुपारी कोणी अर्धा तास होडी पाण्यात घातली आणि जुलैत कुंपणाचा पत्रा तिच्यावर पडला, तरी कंपनी जूनच्या त्या दुपारीवर बोट ठेवू शकते. म्हणून पाळता येतील तेवढ्याच हम्या द्याव्यात आणि दिलेल्या पाळाव्यात.

त्या १९६३ च्या कायद्यातलीच एक ओळ मला दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हेयरनी दाखवली: उंदीर आणि तत्सम प्राण्यांनी केलेलं नुकसान, पॉलिसीत वेगळं लिहिलं नसेल तर, मिळत नाही. झीज, आपोआप होणारी गळती, वस्तूचा मूळ दोष, हे त्याच माळेत. कोळीवाड्यात सुकट असते, घुशी असतात. आमची शिडं तोवर होडीतच गुंडाळून असायची. त्या दिवशी ती काढून घरी आणली, गोड्या पाण्याने धुतली, गच्चीवर वाळवली. आता बेडरूमच्या माळ्यावर असतात. सत्तर हजारांची शिडं घुशीच्या दातात जाऊ नयेत याला विम्याची गरज नव्हती, फक्त कोणी सांगायची होती.

सर्व्हेयरांची भेट मला सगळ्यात जास्त शिकवून गेली. दुसऱ्या कंपनीने माणूस पाठवला, साठीचे गृहस्थ, मोठ्या जहाजांवर आयुष्य गेलेलं. तेरा फुटी होडीला ते हात लावतील की नाही अशी मला शंका होती. त्यांनी बूट काढले, पँट दुमडली आणि ट्रॉलीखाली आडवे झाले. नाण्याच्या कडेने तळाच्या फायबरवर टकटक करत नाळेपासून मागे सरकत गेले. आवाज टणक येत होता. सेंटरबोर्डच्या पेटीपाशी आल्यावर तो बदलला, भांड्याच्या झाकणावर वाजवावं तसा. तेच चार-पाच वेळा वाजवून त्यांनी खडूने तळहाताएवढा गोल काढला. “इथे थर सुटलेत. पाणी शिरतंय. हे आधी करून घ्या, मग मी सही करतो.” दुरुस्तीला ४,२०० रुपये लागले. कंपनीचा माणूस म्हणून ते आले होते, पण दोन वर्षं त्या जागेवर लेकीचा पाय असायचा आणि मला तो आवाज कधी ऐकू आला नव्हता.

मी त्यांना चिखलाबद्दल विचारलं. ओहोटीला होडी चिखलावर बसते, ते फसणं धरतात का? ते म्हणाले, पाणी नेहमीसारखं उतरलं आणि होडी टेकली, तर ते रोजचं, त्याला फसणं म्हणत नाहीत. अनपेक्षितपणे एखाद्या उंचवट्यावर किंवा खडकावर चढली आणि अडकली, तर फसणं. आणि तशी फसल्यावर तळ तपासून घ्यायचा रास्त खर्च, नुकसान काही सापडलं नाही तरी, यॉट क्लॉजेसखाली मिळतो. आमच्या खाडीसाठी हे कलम फार मोलाचं आहे. नुकसान वाढू नये म्हणून केलेला रास्त खर्चही मागता येतो, म्हणजे ओढून आणायला बोलावलेल्या मचव्याचे पैसे. पावती मात्र हवी.

प्रपोजल फॉर्ममध्ये मागच्या पाच वर्षांतल्या अपघातांचा रकाना होता. पहिल्या एजंटने सांगितलं होतं, विमा नव्हता तेव्हाचं कशाला लिहिता, हप्ता वाढेल. मी वाकलेली काठी, स्लीव्ह, तारीख, खर्च सगळं लिहिलं, बिलाची झेरॉक्स जोडली. सागरी विमा हा पूर्ण विश्वासाचा करार मानला जातो, कंपनीच्या निर्णयावर परिणाम करेल अशी गोष्ट लपवली तर पॉलिसीच रद्द ठरू शकते. हप्ता वाढला नाही. ज्या काठीवर स्लीव्ह आहे ती स्लीव्ह सर्व्हेयरना दिसणारच होती.

होडी कुठे चालेल ती हद्दही मी शब्दांवर सोडली नाही. नकाशावर रेघ मारून दिली: दिवाळे, पनवेल खाडी, तिथून एलिफंटा आणि मुंबई बंदराचा आतला भाग. वाशीच्या पुलांच्या उत्तरेला आम्ही जात नाही. तिकडे ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य आहे, २०१५ साली जाहीर झालेलं, २०२२ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. परवानगीशिवाय अभयारण्यात शिरलेल्या होडीचा दावा कुठली कंपनी मानेल? आणि विमा बाजूला ठेवला तरी पक्ष्यांमध्ये शीड घेऊन जायची आमची इच्छा नाही.

शेवटचा हिशेब असा झाला: मूळ ७,५००, शर्यतीचं कलम १,८००, टेम्पोने ने-आण करतानाचं संरक्षण ६००, थर्ड पार्टी पंचवीस लाख ९००. बेरीज १०,८००, जीएसटी १,९४४, एकूण १२,७४४ रुपये. ने-आणीच्या कलमात ओरखडे आणि पोचे मिळत नाहीत, ते मी मान्य केलं. दोघींचा वैयक्तिक अपघात विमा वेगळा घेतला, कारण थर्ड पार्टीत आपण स्वतः येत नाही. स्वस्त कोटेशनपेक्षा हे दुपटीहून जास्त आहे. महिन्याला हजार रुपये धरले तर आमच्या घरात ही रक्कम जाणवते, आणि लेकीने स्वतःहून क्लासचा दुसरा सेट विकत न घेता मैत्रिणीचा वापरायचं ठरवलं, हे इथे लिहिलंच पाहिजे.

पॉलिसी आली, रेगाटाचा अर्ज मुदतीच्या बारा दिवस आधी गेला. त्याच रविवारी मी जाळ्यांच्या एंडोर्समेंटची, म्हणजे पॉलिसीला जोडलेल्या कलमाची, प्रत घेऊन बाबांच्या ओट्यावर बसले आणि इंग्रजी ओळ मराठीत सांगितली. त्यांनी मला ती पुन्हा सांगायला लावली. “खुंट लिवलंय?” लिहिलंय. “दुसऱ्याचे बी? निस्तं माझं नाय?” खाडीतल्या कोणाचेही, बाबा. त्यांनी झेरॉक्स मागितली, घडी घालून डिझेलच्या कागदांच्या प्लास्टिकच्या पिशवीत ठेवली. मग उठले, काठी घेतली आणि अंगणातल्या मातीत खाडीचं तोंड काढलं. यंदा त्यांचे आणि शेजारच्या दोन घरांचे खुंट कुठे कुठे आहेत ते खड्डे पाडून दाखवलं. लेक माझ्या नकाशावर पेन्सिलने फुल्या मारत होती. उधाणाला पाण्याखाली जाणाऱ्या दोन खुंटांवर बाबांनी काठी दोनदा आपटली, आणि लेकीने त्या दोन फुल्या लाल केल्या.